उकिरड्याचा पांग तीन महिन्यांत

बारामती तालुक्यातल्या सुप्यात सकाळी सातच्या सुमाराला कुठल्याही आळीतून चालत गेलात तर दोन वास येतात. एक धुराचा. अंगण झाडून झालेलं असतं आणि लिंबाचा, चिंचेचा पाला कोपऱ्यात पेटवून दिलेला असतो. दुसरा आंबूस, कुजका. कालची भाजीची देठं, चहाचा चोथा, कलिंगडाच्या साली कॅरीबॅगेत गाठ मारून दाराशी ठेवलेल्या असतात. एकाच खताचे हे दोन अर्धे भाग. रोज सकाळी आपण एक जाळतो आणि दुसरा फेकतो.

बारा वर्षांनी उकिरड्याचाही पांग फिटतो, असं आपल्याकडे म्हणतात. एके काळी प्रत्येक घरामागे उकिरडा असायचा. शेण, गव्हाणीतली उष्टी वैरण, चुलीची राख, केर, सगळं त्यात जायचं आणि वर्षाकाठी गाडी भरून खत रानात जायचं. घराघरातली जनावरं कमी झाली तसा उकिरडाही गेला. त्याच्या आठवणीनं गहिवरून जाण्याचं कारण नाही, कारण त्यातही दोष होता. उघड्यावरच्या ढिगातला काही नत्र उन्हात अमोनिया होऊन उडायचा आणि काही पावसात धुऊन जायचा. हाती यायचा तो बहुधा निम्मा कस.

हा दोष कसा काढायचा, याचं उत्तर जगाला होळकरांच्या इंदुरातून मिळालं. अल्बर्ट हॉवर्ड हे इंग्रज वनस्पतिशास्त्रज्ञ १९०५ मध्ये बिहारातल्या पुसा इथे सरकारी नोकरीवर आले आणि १९२४ पासून इंदूरच्या संशोधन संस्थेत काम करू लागले. तिथे त्यांनी यशवंत वाड या सहकाऱ्याबरोबर खत कुजवण्याची रीत बसवली. काडीकचरा, शेण, गोमूत्र मुरलेली माती आणि राख यांचे थर द्यायचे, ओल राखायची आणि ठरावीक दिवसांनी ढीग वरखाली करायचा. सुमारे ९० दिवसांत खत तयार. दोघांनी मिळून लिहिलेलं पुस्तक १९३१ मध्ये निघालं आणि ‘इंदूर पद्धत’ जगभर गेली. सेंद्रिय शेतीच्या इतिहासात हॉवर्ड यांचं नाव पहिल्या ओळीत येतं. वाडांचं नाव मात्र आपणही विसरलो, याचं वाईट वाटतं. पुढे यवतमाळ जिल्ह्यातल्या पुसदच्या नारायण देवराव पांढरीपांडे यांनी भोकं ठेवलेलं विटांचं टाकं बांधून दाखवलं. दहा फूट लांब, सहा रुंद, तीन उंच. शंभरेक किलो शेणात त्यात जवळजवळ दीड टन काडीकचरा कुजतो. हीच नाडेप पद्धत.

आता ढिगात काय चालतं ते पाहू. कुजवण्याचं काम जिवाणू आणि बुरशी करतात. त्यांना शक्तीसाठी कर्ब लागतो आणि अंग वाढवायला नत्र. एक भाग नत्राला २५ ते ३० भाग कर्ब, हा त्यांचा मानवणारा आहार. भाजीपाल्यात हे प्रमाण साधारण १५ ते २० असतं, वाळल्या पाल्यात ४० ते ८०, उसाच्या पाचटात शंभराच्या आसपास किंवा वर. नुसता भाजीपाला बादलीत साठवला की त्याचा लगदा होतो, हवा कोंडते आणि हवेवाचून जगणारे जिवाणू जोर धरतात. घाण वास त्यांचा. कचऱ्याच्या डोंगरांतून मिथेन निघतो तोही असाच. शंभर वर्षांच्या हिशेबात तो कार्बन डायऑक्साइडच्या २८ पट उष्णता धरून ठेवतो.

म्हणून घरच्या खताला माझ्या मते एकच नियम पुरतो. एक वाडगं ओलं टाकलं की वर दोन वाडगी कोरडं टाका. पाला, बारीक केलेलं पाचट, तुरीच्या काड्यांचा भुगा, चिंचेची टरफलं, फाडलेला पुठ्ठा, काहीही चालेल. शहरातली माणसं कोरड्यासाठी नारळाचा भुसा विकत आणतात. बारामती-इंदापूरच्या ऊसपट्ट्यात तर हेक्टरी आठ-दहा टन पाचट निघतं. विरजण म्हणून मूठभर जुनं खत किंवा तांब्याभर शेणकाला बास. महागड्या बाटल्यांची गरज नाही, लागणारे जिवाणू पाल्यावर आधीच असतात.

अंगण असेल तर तीन फूट लांब, तेवढाच रुंद आणि अडीच-तीन फूट खोल खड्डा घ्या. भाड्याच्या खोलीत रंगाचा वीस लिटरचा रिकामा डबा चालतो, नाहीतर पाझर गेलेला जुना माठ. डब्याला बुडाशी आणि कडेला भोकं पाडा. मोठा ढीग जमला तर त्याची ऊब बघण्यासारखी असते. आठवड्यानं लोखंडी गज मधोमध खुपसून पाच मिनिटांनी ओढा. हातात धरवत नसेल तर आत ५५ ते ६५ अंश आहे, आणि तणांचं बरंचसं बी, रोगजंतू त्यात मरतात. डब्यात एवढी ऊब धरत नाही, त्यामुळे खताला वेळ जास्त लागतो. म्हणून डब्यात बी धरलेलं गाजर गवत टाकू नका. फुलायच्या आत उपटलेलं चालतं.

आपल्याकडची खरी अडचण पाण्याची. कोकणात ढीग भिजून सडतो, आपल्या जिरायती पट्ट्यात तो एप्रिलच्या उन्हात वाळून गप्प बसतो. चार महिन्यांनी उकरावं तर पाला जसाच्या तसा. हॉवर्डनीही कोरड्या दिवसांत खड्डा आणि पावसाळ्यात जमिनीवरचा ढीग अशीच विभागणी केली होती. खड्डा सावलीत घ्या, वर ओलं गोणपाट टाका आणि तांदूळ-डाळ धुतलेलं पाणी त्यावरच ओता. त्यासाठी नळाचं पाणी वापरावं लागत नाही. मूठभर माल दाबून पाहा. गोळा झाला पण पाणी ठिबकलं नाही, तर ओल बरोबर. आठवड्यातून एकदा काठीनं हलवा. पांढुरक्या अळ्या दिसल्या तर घाबरू नका, बहुतेक अळ्या कुजवायलाच मदत करतात. त्या फार झाल्या तर कोरडं वाढवा.

खरकटं, मटणाची हाडं, तेलकट उरलंसुरलं सुरुवातीला नकोच. त्यावर घुशी आणि कुत्री येतात. सुप्याजवळच पाच चौरस किलोमीटरच्या आसपासचं मयूरेश्वर अभयारण्य आहे, चिंकारांचं. उघड्यावर फेकलेल्या खरकट्यावर भटकी कुत्री पोसली जातात आणि तीच कुत्री चिंकारांच्या मागे लागतात. आपल्या दाराशी बांधलेल्या पिशवीचा त्या माळाशी असा संबंध आहे.

खत झालं कधी म्हणायचं? देठ, पान ओळखू येत नाही, रंग काळपट होतो आणि पहिल्या पावसात मातीला येतो तोच वास येतो. अॅक्टिनोमायसिटीज नावाचे जिवाणू तो वास तयार करतात. तरी शंका वाटली तर वाटीभर खतात मेथीचे दहा दाणे टोचा. चार-पाच दिवसांत बहुतेक दाणे नीट उगवले तर खत पिकलं. घाई करू नका. अर्धंकच्चं खत जमिनीतलाच नत्र ओढून घेतं आणि झाड पिवळं पडतं. कच्च्या शेणखताबरोबर हुमणी रानात येते, हे ऊसवाल्यांना सांगायला नकोच.

चौघांच्या घरात रोज अर्धा ते एक किलो ओला कचरा निघतो. वर्षाचा हिशेब दोनशे-तीनशे किलोंवर जातो, आणि कुजल्यावर त्याचं आकारमान निम्म्याहून कमी होतं. सगळ्याला तोंड लावू नका. पहिल्या महिन्यात फक्त साली, देठं आणि चहाचा चोथा टाकून पाहा.

आणि एक विनंती. माघ-फाल्गुनात लिंब, पिंपळ पानं गाळतील तेव्हा अंगणातला पाला पेटवू नका. दोन पोती भरून गच्चीच्या जिन्याखाली ठेवा. पावसाळ्यात ती कामाला येतील.