खोटी चिठ्ठी आणि रानपिंगळा

मंडळी, नागपुरात वन्यजीव म्हटलं की आपण थेट वाघावर येतो. आज मात्र आपण वीतभर उंचीच्या एका घुबडाबद्दल बोलणार आहोत. हा रानपिंगळा. जगात तो फक्त मध्य भारतातल्या पानगळीच्या जंगलांत राहतो.

१८७२ साली फुलझर भागात तो पहिल्यांदा अभ्यासकांच्या हाती आला. आज हा भाग छत्तीसगडमध्ये आहे, तेव्हा तो नागपूर राजधानी असलेल्या मध्य प्रांतात होता. पुढच्या वर्षी ह्यूम यांनी त्याला शास्त्रीय नाव दिलं. १८८४ पर्यंत एकूण सात नमुने जमले आणि नंतर पक्षी दिसेनासाच झाला.

आता गंमत बघा. संग्रहालयात आणखी एक नमुना होता. त्याच्या चिठ्ठीवर लिहिलं होतं: १९१४, मांडवी, गुजरात. त्या चिठ्ठीवर भरवसा ठेवून शोध झाले, पण हाती काही लागलं नाही. पुढे पामेला रासमुसेन यांनी तपासलं, तेव्हा कळलं की तो जुनाच, चोरलेला नमुना होता. कर्नल माइनर्ट्‌झहागेन यांनी तो पुन्हा भरून त्याला खोटी चिठ्ठी लावली होती.

मग रासमुसेन आणि त्यांचे सहकारी खऱ्या नमुन्यांच्या जागा धरून निघाले. आधी पूर्वेकडे शोधलं, तिथे काही मिळालं नाही. मग ते खानदेशात आले आणि नोव्हेंबर १९९७ मध्ये शहाद्याजवळ रानपिंगळा समोर बसलेला दिसला. ११३ वर्षांनी! पुढे आपल्या मेळघाटातही तो सापडला.

तो ओळखायचा कसा? आपल्या नेहमीच्या पिंगळ्याच्या डोक्यावर पांढरे ठिपके स्पष्ट दिसतात, याच्या डोक्यावर ते जवळजवळ नसतात. छातीवर गडद पट्टा, पाय पांढऱ्या पिसांनी भरलेले. हा दिवसाही शिकार करतो, उघड्या फांदीवर बसतो.

हे सगळं का सांगतोय? पक्षी कुठे आहे हेच माहीत नसेल, तर कुठलं जंगल राखायचं हे कसं ठरणार? एका खोट्या नोंदीने शोधणाऱ्यांची वाट चुकवली आणि तेवढ्या काळात जंगलतोड काही थांबली नव्हती. रानपिंगळा आजही संकटग्रस्त यादीत आहे.

म्हणून आपण जंगलात गेलो की तारीख, वेळ आणि नेमकी जागा वहीत लिहायची. ओळख पटली नसेल, तर 'खात्री नाही' असंही लिहायचं. त्यात कमीपणा काहीच नाही.