कर्ण्याच्या झळाळीपलीकडे

मुंबईच्या चोरबाजारातील पितळी कर्ण्याचा ग्रामोफोन पाहताच ग्राहक मोहून जातो. मात्र असे अनेक कर्णे अलीकडचे असतात. चावीचे यंत्र जुन्या पोर्टेबल ग्रामोफोनमधून काढलेले असते. म्हणून जाणकार प्रथम साउंडबॉक्स न्याहाळतो. १९२५ मध्ये आलेल्या ‘एचएमव्ही १०१’ला अभ्रकाच्या पडद्याचा चौथ्या क्रमांकाचा साउंडबॉक्स होता, १९३१ च्या ‘१०२’ला पुढे धातूच्या पडद्याचे ‘५ए’ आणि ‘५बी’ हे साउंडबॉक्स आले. या दोन्हींचा कर्णा पेटीतच दडलेला असे. तेव्हा ‘५ए’ बाहेरच्या कर्ण्याला जोडलेला दिसला, की सौद्यापूर्वी थांबावे. अशा एका दिखाऊ जोडणीपायी एक अस्सल वाद्य कायमचे मोडीत निघालेले असते, आणि त्याचे मोल आपणच चुकते करीत असतो.