अथेन्स ते स्पार्टा : एकट्याने धावायचे २४६ किलोमीटर

मॅरेथॉनच्या ४२.१९५ किलोमीटरपेक्षा लांब पल्ल्याच्या कोणत्याही धावेला ‘अल्ट्रा’ म्हणतात आणि या व्याख्येत पन्नास किलोमीटरच्या शर्यतीपासून कित्येक दिवस चालणाऱ्या शर्यतींपर्यंत सगळे काही सामावते. त्यातही एका शहरातून निघून दुसऱ्या शहरापर्यंत, वाटेत माणसे न बदलता, एकट्याने धावत जाणे या प्रकाराचे मूळ खेळात नसून निरोप पोचवण्याच्या कामात आहे. ग्रीसमधील अथेन्स ते स्पार्टा हा २४६ किलोमीटरचा मार्ग त्याचे सर्वांत ठळक उदाहरण होय. कारण या मार्गावर पहिल्यांदा जो माणूस धावला त्याची नोंद इतिहासात आहे आणि आज तेथे धावणाऱ्याला वेळेची जी मर्यादा घालून दिलेली असते, ती त्याच नोंदीतून काढलेली आहे.

ही नोंद इसवी सनापूर्वीच्या पाचव्या शतकातील ग्रीक इतिहासकार हिरोडोटस याची. इ. स. पू. ४९० मध्ये पर्शियन सैन्य अथेन्सजवळच्या मॅरेथॉनच्या किनाऱ्यावर उतरण्याच्या सुमारास अथेन्सच्या सेनापतींनी स्पार्टाची मदत मागण्यासाठी फिडिपिडीज (काही हस्तलिखितांत फिलिपिडीज) नावाच्या निरोप्याला पाठवले आणि अथेन्स सोडल्याच्या दुसऱ्याच दिवशी तो स्पार्टात पोचला, असे हिरोडोटस सांगतो. अशा निरोप्यांना ग्रीक भाषेत ‘हेमेरोड्रोमोस’, म्हणजे दिवसभर धावणारा, असे म्हणत. ही कामगिरी प्रासंगिक नव्हती, तो त्यांचा पेशाच होता. मराठी वाचकाला यावरून पेशवेकालीन पत्रव्यवहारातील जासूद आठवावेत, कारण तेही पायीच मजल मारीत. फरक इतकाच की जासुदांची बहुधा जोडी रवाना होत असे, तर हिरोडोटसच्या वृत्तान्तात फिडिपिडीज एकटाच दिसतो.

जगाच्या स्मरणात मात्र ही धाव राहिली नाही. मॅरेथॉनच्या रणांगणावरून विजयाची वार्ता घेऊन अथेन्सला धावत आलेला आणि ती सांगताच गतप्राण झालेला दूत सर्वांना ठाऊक असतो, पण त्याचा हिरोडोटसच्या ग्रंथात मागमूसही नाही. ती कथा प्लुटार्क आणि लुशियन या पाच-सहा शतकांनंतरच्या लेखकांकडून आलेली आहे, आणि प्लुटार्कने तर त्या दूताची नावेही वेगळीच दिली आहेत. रॉबर्ट ब्राउनिंग या इंग्रज कवीने १८७९ मध्ये दोन्ही धावा एकाच माणसाच्या नावावर घातल्या, फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ मिशेल ब्रेआल याने १८९६ च्या पहिल्या आधुनिक ऑलिंपिकसाठी मॅरेथॉन शर्यतीची कल्पना मांडली, आणि पुढे सगळे जग त्या लहान अंतराच्या मागे धावू लागले. वस्तुतः लढाईच्या काळाच्या जवळच्या साक्षीला उतरलेली धाव होती ती अथेन्स ते स्पार्टा हीच, आणि ती सहापटीने मोठी होती. लोकप्रियतेने येथे चुकीच्या धावेला माप दिले, असेच म्हणावे लागते.

ही चूक ज्याच्या मनाला लागली तो माणूस ग्रीक नव्हता. जॉन फोडेन हे ब्रिटिश हवाई दलातील विंग कमांडर आणि स्वतः दूर पल्ल्याचे धावपटू. हिरोडोटस वाचताना त्यांना प्रश्न पडला की एवढे अंतर दीड दिवसात तोडणे माणसाच्या देहाला खरोखर शक्य आहे काय. उत्तर ग्रंथालयात मिळण्यासारखे नव्हते, म्हणून ८ ऑक्टोबर १९८२ रोजी हवाई दलातील काही सहकाऱ्यांसह ते स्वतःच अथेन्सहून निघाले. मार्ग ठरवतानाही त्यांनी इतिहासाचाच आधार घेतला: सोपी वाट अर्गोसच्या मैदानातून जाते, परंतु अर्गोसचे स्पार्टाशी वैर असल्यामुळे अथेन्सचा दूत तेथून जाणार नाही, हे ओळखून त्यांनी निमेयावरून पश्चिमेच्या डोंगरांतून जाणारी अवघड वाट धरली. जॉन शोल्टेन ३४ तास ३० मिनिटांत, फोडेन ३७ तास ३७ मिनिटांत आणि जॉन मॅकार्थी ३९ तासांत स्पार्टाला पोचले. हिरोडोटसचे विधान शक्यतेच्या कक्षेत बसते, हे या तिघांच्या पायांनी सिद्ध केले. पुढच्याच वर्षी, १९८३ मध्ये, ‘स्पार्टाथलॉन’ ही खुली आंतरराष्ट्रीय शर्यत सुरू झाली आणि तिची मर्यादा ३६ तास ठरली. ज्यांच्या कल्पनेतून ती जन्मली त्या फोडेन यांची १९८२ ची वेळ या मर्यादेत बसली नसती.

छत्तीस तासांत २४६ किलोमीटर म्हणजे ताशी सात किलोमीटरहूनही कमी वेग, म्हणजे भरभर चालण्यापेक्षा थोडाच जास्त. हा हिशेब नवख्याला दिलासा देतो आणि तेथेच फसवतो. सप्टेंबरअखेरीस सकाळी ७ वाजता ॲक्रोपोलिसच्या पायथ्याशी सुरू होणाऱ्या या शर्यतीत सुमारे ७५ तपासणी ठाणी असतात आणि प्रत्येक ठाण्याला स्वतःची वेळ ठरलेली असते. ती टळली की धावपटू तेथेच बाद होतो. कॉरिंथजवळचे सुमारे ८० किलोमीटरचे ठाणे साडेनऊ तासांत गाठावे लागते, म्हणजे अंगावर दिवसाचे ऊन असताना ताशी जवळजवळ साडेआठ किलोमीटरचा वेग राखावा लागतो. जो त्यासाठी सुरुवातीलाच जोर लावतो त्याला रात्री तो महागात पडतो, आणि जो लावत नाही तो रात्र पाहण्याआधीच बाद होतो. शिवाय सोबत धावून वेग ठरवून देणारा साथीदार नियमाने वर्ज्य आहे. मदतनीस भेटतात ते ठरावीक ठाण्यांवर, मधली वाट एकट्याचीच.

पायांपेक्षा पोटाची परीक्षा येथे मोठी असते, हे या धावेचे मर्म होय. धावताना दर किलोमीटरला शरीराच्या प्रत्येक किलो वजनामागे साधारण एक किलोकॅलरी ऊर्जा खर्च होते. त्यामुळे साठ किलो वजनाच्या धावपटूला या मार्गासाठी सुमारे पंधरा हजार किलोकॅलरी लागतात. स्नायू आणि यकृत यांत ग्लायकोजेनच्या, म्हणजे साठवलेल्या साखरेच्या, रूपात असलेली शिल्लक मात्र दोन हजार किलोकॅलरींच्या आसपास असते. वाटेत खाऊन ही तूट भरावी म्हटले तर आतड्यांतून तासाला साधारण साठ ते नव्वद ग्रॅम पिष्टमय पदार्थच रक्तात जाऊ शकतात, आणि तेही पोट ठिकाणावर असेल तर. कारण उन्हात धावताना रक्त पाय आणि कातडी यांच्याकडे वळते, पचनसंस्थेच्या वाट्याला कमी येते आणि मळमळ सुरू होते. उरलेली ऊर्जा अंगच्या चरबीतून मिळते, पण चरबी संथ जळते आणि म्हणून वेगही संथच ठेवावा लागतो. अनुभवी धावपटू भूक लागण्याची वाट पाहत नाहीत. मीठ लावलेला उकडलेला बटाटा, भाताचे दोन घास, केळ्याचा तुकडा असे थोडे थोडे, घड्याळ पाहून पोटात जात राहते.

पाण्याच्या बाबतीत चूक दोन्ही बाजूंनी होते. कमी प्यायले तर शरीर कोरडे पडते हे सर्वांना कळते, परंतु तहानेपेक्षा जास्त पाणी पीत राहिल्यास रक्तातील सोडियमचे प्रमाण धोकादायक पातळीपर्यंत उतरते, त्यातून डोके दुखणे, गोंधळणे आणि पुढे बेशुद्धीही येऊ शकते, हे फार जणांना ठाऊक नसते. दुसरा धोका स्नायूंचा. चढ दमवतो, पण मोडतो तो उतार. उतरताना मांडीचा स्नायू ताणला जात असतानाच आवळून शरीराला आवर घालतो आणि त्यात त्याचे तंतू फाटतात. फाटलेल्या तंतूंमधील प्रथिने रक्तात मिसळून मूत्रपिंडांवर भार टाकतात आणि लघवी काळ्या चहासारखी होते. अशा अवस्थेत वेदनाशामक गोळ्या घेऊन पुढे रेटणे हा मूत्रपिंडांशी केलेला अविचार आहे, आणि ही गोष्ट गावोगावच्या हौशी धावपटूंनीही मनावर घ्यावी, कारण गोळी खिशात ठेवून धावण्याची सवय फक्त ग्रीसमध्ये आढळत नाही.

सुमारे १५९ किलोमीटरवर डांबरी रस्ता संपतो आणि पार्थेनिऑन डोंगराची दोनएक किलोमीटरची खडी, सुट्या दगडांची पायवाट लागते. खिंडीची उंची समुद्रसपाटीपासून सुमारे १,२०० मीटर. बहुतेक धावपटू येथे पोचतात ते रात्री किंवा पहाटेच्या आधी, म्हणजे शरीराचे तापमान सर्वांत खाली आलेले असते त्या सुमारास. झोपेविना इतके तास गेल्यावर दगडात जनावर दिसणे, झाडामागे माणूस उभा आहे असे वाटणे, कोणी हाक मारल्याचा भास होणे, हे अनुभव या टप्प्यावरचे धावपटू सर्रास सांगतात. हिरोडोटस लिहितो की याच डोंगरावर फिडिपिडीजला पॅन या देवाने नावाने हाक मारली आणि अथेन्सचे लोक आपली उपेक्षा का करतात, असे विचारले. त्याला देव भेटला की शिणलेल्या मेंदूला भास झाला, याचा निवाडा कोणी करू नये. पण तो प्रसंग नेमका याच डोंगरावर घडल्याचे सांगितले जाते, यातून हिरोडोटसच्या वृत्तान्ताला एक वेगळेच बळ मिळते.

पहिल्या शर्यतीत यानिस कुरोस हा तोवर अपरिचित असलेला ग्रीक धावपटू २१ तास ५३ मिनिटांत पोचला, तेव्हा आयोजकांनाही ते खरे वाटेना. पुढच्या वर्षी त्याने २० तास २५ मिनिटांची वेळ दिली आणि तो विक्रम ३९ वर्षे अबाधित राहिला. २०२३ मध्ये फोटिस झिसिमोपुलोस या ग्रीक धावपटूनेच १९ तास ५५ मिनिटांत तो मोडला. शर्यतीत रोख बक्षीस नाही. स्पार्टात लिओनिडस राजाच्या पुतळ्याच्या पायांना हात लावला की धाव संपते, डोक्यावर ऑलिव्हच्या डहाळीचे कडे चढते आणि एव्रोटास नदीचे पाणी प्यायला मिळते. पहिल्या क्रमांकाला जे मिळते तेच छत्तिसाव्या तासाला पोचणाऱ्यालाही.

फिडिपिडीजच्या निरोपाला स्पार्टाने नकार दिला नाही, मात्र महिन्याची नवमी होती आणि पौर्णिमेपूर्वी सैन्य बाहेर काढणे त्यांच्या धर्माचाराविरुद्ध होते. पौर्णिमा उलटताच दोन हजार स्पार्टन सैनिक निघाले आणि तिसऱ्या दिवशी अथेन्सच्या मुलखात पोचले. तोपर्यंत लढाई संपली होती. त्यांनी मॅरेथॉनला जाऊन पर्शियनांची प्रेते पाहिली, अथेन्सकरांची प्रशंसा केली आणि ते माघारी फिरले.