शेजाऱ्याला विचारल्याशिवाय पावसाचे गणित सुटत नाही

मृग नक्षत्र लागले की रिसोड तालुक्यात एकच चर्चा असते: पेरणी कधी करायची? सोयाबीनचे बियाणे महाग, खत महाग. पुरेशी ओल नसताना पेरले आणि पावसाने दडी मारली, तर दुबार पेरणीचा खर्च अंगावर येतो. म्हणून 75 ते 100 मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, असे कृषी विभाग सांगतो. पण पुढच्या चार-पाच दिवसांत काय होणार, हेही कळायला हवे. त्याची मोठी आकडेमोड पुण्यात पाषाण येथील भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेच्या महासंगणकावर होते.

महासंगणक म्हणजे एकच अवाढव्य मेंदू, असा अनेकांचा समज असतो. प्रत्यक्षात तो हजारो प्रोसेसरांचा समूह असतो. हवामानाच्या प्रारूपात पृथ्वीवर काल्पनिक चौकटी आखतात. प्रत्येक चौकटीतील तापमान, वारा, आर्द्रता आणि हवेचा दाब यांचे गणित काही मिनिटांच्या टप्प्याने पुढे नेतात. हे काम एकट्या प्रोसेसरला दिले, तर उद्याचा अंदाज हाती येईपर्यंत उद्याचा दिवस उलटून जाईल. म्हणून नकाशाचे तुकडे करून ते वाटून देतात. यालाच समांतर संगणन म्हणतात.

खरी अडचण वाटणीनंतर सुरू होते. रिसोडवर येणारा ढग रिसोडमध्येच तयार झालेला नसतो. शेजारच्या चौकटीतून किती वारा आणि किती बाष्प येत आहे, हे कळल्याशिवाय पुढच्या टप्प्याचे गणित मांडता येत नाही. त्यामुळे प्रत्येक टप्प्याला प्रोसेसरांना एकमेकांकडून आकडे घ्यावे लागतात.

त्याच्या दोन मुख्य पद्धती आहेत. पहिलीत सगळ्यांसाठी एकच मेमरी असते, भिंतीवरच्या सामाईक फळ्यासारखी. ही सोय वेगवान आहे, पण तिच्यात धोका आहे. समजा, बाजार समितीत फळ्यावर सोयाबीनची आवक 100 क्विंटल लिहिली आहे. दोन मापाऱ्यांनी एकाच वेळी तो आकडा वाचला. एकाने आपले 20 मिळवून 120 लिहिले. दुसऱ्याने ते न पाहता 100 मध्ये आपले 30 मिळवले आणि 120 पुसून 130 लिहिले. आवक 150 झाली, फळा 130 दाखवतो. बेरीज दोघांचीही बरोबर होती, तरी हिशेब चुकला. हा घोळ टाळण्यासाठी प्रोग्रॅममध्ये कुलूप घालतात: एकाचे वाचून-लिहून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचे. मात्र कुलपे वाढली की रांगाही वाढतात.

दुसऱ्या पद्धतीत प्रत्येकाची वही वेगळी असते. दुसऱ्याच्या वहीला हात लावायचा नाही, हवा तो आकडा निरोपाने मागवायचा. यात हिशेब सहसा पुसला जात नाही, पण निरोप पोहोचायला वेळ लागतो. दोघेही ‘आधी तुझा निरोप येऊ दे’ म्हणून अडून बसले, तर सगळे काम ठप्प होते. आजच्या महासंगणकांत दोन्ही पद्धती एकत्र वापरतात: एकाच नोडमधील प्रोसेसरांसाठी फळा, इतर नोडमधल्यांसाठी निरोप.

ही कल्पना संगणकापेक्षा जुनी आहे. लुईस फ्राय रिचर्डसन या ब्रिटिश शास्त्रज्ञाने 1922 च्या आपल्या पुस्तकात एका भव्य सभागृहाची कल्पना मांडली. तिथे 64,000 माणसे बसून आपापल्या भागाच्या हवामानाचे गणित करतील आणि शेजाऱ्यांना दिसावेत म्हणून आपले आकडे फलकावर लावतील.

महाराष्ट्रात हे तंत्र रुजले ते पुण्याच्या सी-डॅकमध्ये. 1988 साली स्थापन झालेल्या या संस्थेचे नेतृत्व डॉ. विजय भटकर यांच्याकडे होते. ते अकोला जिल्ह्यातल्या मुरंबा गावचे. वाशीम त्या वेळी अकोला जिल्ह्यातच होते. 1991 मध्ये तयार झालेल्या ‘परम 8000’मध्ये ट्रान्सप्युटर नावाच्या चिप होत्या. प्रत्येकीला स्वतःची मेमरी आणि शेजाऱ्यांशी बोलायला चार जोडण्या होत्या.

मग प्रोसेसर वाढवत गेले, की काम झटपट होईल का? तसे होत नाही. 100 गुणिले 100 चौकटींच्या तुकड्यात 10,000 चौकटी असतात आणि त्यांतील 396 कडेला येतात, म्हणजे जेमतेम 4 टक्के. त्याचेच 10 गुणिले 10 चे तुकडे केले, तर प्रत्येकाच्या 100 पैकी 36 चौकटी कडेच्या होतात. तुकडा लहान झाला की गणित कमी आणि निरोप जास्त. एका मर्यादेनंतर नवे प्रोसेसर नुसते वाट पाहत बसतात.

तरीही चौकटी लहान करणे गरजेचे आहे. 12 किलोमीटरची चौकट 144 चौरस किलोमीटर व्यापते, 6 किलोमीटरची फक्त 36. बाजू निम्मी केली की चौकटी चौपट होतात आणि काळाचे टप्पेही साधारण निम्मे करावे लागतात. म्हणजे काम सुमारे आठपट होते. पुण्यात 2018 मध्ये ‘प्रत्युष’ आणि 2024 मध्ये 11.77 पेटाफ्लॉप्स क्षमतेचा ‘अर्क’ महासंगणक आला, तो यासाठीच. त्यानंतर मे 2025 मध्ये 6 किलोमीटरची ‘भारत फोरकास्ट सिस्टिम’ सुरू झाली.

शेतकऱ्याने यातून काय घ्यावे? 6 किलोमीटरच्या चौकटीचा आकडा हा अनेक शिवारांचा मिळून असतो, आपल्या धुऱ्यापुरता नसतो. शिवाय सुरुवातीच्या निरीक्षणांतील लहानशी चूक दिवसागणिक वाढत जाते. त्यामुळे पाचव्या दिवसाच्या अंदाजापेक्षा उद्याच्या अंदाजावर अधिक भरवसा ठेवावा. दर मंगळवारी आणि शुक्रवारी निघणारा कृषी हवामान सल्ला पाहावा. पेरणीच्या आदल्या दिवशी ताजा अंदाज पुन्हा तपासावा आणि शेतातली ओल स्वतः उकरून बघावी.