संकल्पाची मात्रा : पादांशिक क्रमाचा स्वतःपुरता विचार

दिवसातून दहा वेळा चहा घेणाऱ्या अम्लपित्ताच्या रुग्णाला आपण 'उद्यापासून चहा बंद' असे सहसा सांगत नाही; मात्रा उतरविण्याचा क्रम आखून देतो. तोच वैद्य पाडव्याच्या दिवशी मात्र पहाटे उठणे, व्यायाम, संपूर्ण चरकसंहितेचे वाचन आणि प्रत्येक रुग्णाची सविस्तर नोंद असे चार संकल्प एकदम सोडतो. अक्षय्यतृतीया येईपर्यंत 'संकल्प सोडणे' या शब्दप्रयोगाचे दोन्ही अर्थ खरे ठरलेले असतात. स्वतःच्या उन्नतीचे ध्येय ठरविताना आपण आपलेच शास्त्र बाजूला का ठेवतो, हा आमच्यापुढील प्रश्न आहे.

चरकाचार्यांनी सूत्रस्थानाच्या सातव्या, 'न वेगान्धारणीय' अध्यायात अंगवळणी पडलेले अहितकर सोडण्याचा व हितकर स्वीकारण्याचा पादांशिक क्रम सांगितला आहे. वाग्भटांनी अष्टांगहृदयाच्या सूत्रस्थानात, अन्नरक्षा अध्यायात, तो अधिक स्पष्ट केला : अपथ्य चतुर्थांशाने, अथवा चतुर्थांशाच्याही चतुर्थांशाने, म्हणजे षोडशांशाने सोडावे आणि टप्प्यांमध्ये एक, दोन, तीन दिवसांचे अंतर ठेवावे. दिवसांच्या मांडणीविषयी टीकाकारांत मतभेद आहेत. त्यांत येथे शिरण्याचे प्रयोजन नाही. मात्र दोन गोष्टी निर्विवाद आहेत. सवयीचे झालेले अपथ्यसुद्धा एकाएकी सोडल्यास विकार उद्भवतो, आणि पथ्यसुद्धा एकाएकी सुरू केल्यास तेच होते. शिवाय त्याग आणि स्वीकार यांची सांगड आहे. जेवढा अंश रिकामा झाला, तेवढाच हिताने भरावयाचा. रात्री दूरचित्रवाणीसमोर जाणारा अर्धा तास वाचवला, पण त्या जागी ग्रंथ ठेवला नाही, तर दूरध्वनी तो अर्धा तास गिळतोच.

आहारासाठी सांगितलेला हा क्रम कामाच्या सवयींना लावावयाचा, तर आमच्या मते दिवसांऐवजी आठवडे धरावेत. रोज वीस रुग्ण पाहणाऱ्या वैद्याचे उदाहरण घेऊ. पहिला आठवडा फक्त पहिल्या पाच रुग्णांची पूर्ण नोंद ठेवावी : प्रकृती, अग्नी, कोष्ठ, दिलेले कल्प, अनुपान. पुढील दोन आठवडे दहांची, त्यानंतरचे तीन आठवडे पंधरांची. सातव्या आठवड्यापासून सर्वांची. सहाव्या रुग्णाची नोंद पहिल्याच दिवशी करण्याचा मोह होतो, तो आवरावा. ज्यांना पादांशही जड जातो, त्यांच्यासाठी षोडशांश आहेच. सात वाजता उठणाऱ्याला पाचची वेळ गाठावयाची असेल, तर पाद म्हणजे अर्धा तास, षोडशांश म्हणजे साडेसात मिनिटे. साडेसात मिनिटे लवकर उठणे कोणाला हास्यास्पद वाटेल. पण अल्प मात्रेला हसणारा वैद्य रसौषधी कशी देत असेल, असा प्रश्न आम्हाला पडतो.

हा आटापिटा कशासाठी? आठ महिन्यांनी तोच रुग्ण तीच तक्रार घेऊन येतो आणि मागील खेपेस काय दिले होते, कशाने उपशय मिळाला, हे वैद्याला सांगता येत नाही, तेव्हा नुकसान रुग्णाचे होते. फार्मसीचालकांचेही तसेच आहे. एखाद्या बॅचचा आसव आंबट झाल्याची तक्रार येते, आणि धायटीची फुले कोणत्या पोत्यातली होती, संधान किती दिवस ठेवले होते, याची नोंद त्या संध्याकाळी 'उद्या लिहू' म्हणून राहून गेलेली असते. 2000 साली आलेल्या अनुसूची 'टी'ने अशा नोंदी बंधनकारक केल्या. पण वही रोजच्या रोज भरण्याची सवय नियमाने लागत नाही.

ध्येय मोडले, तर निदान करावे. प्रज्ञापराधाच्या विवेचनात धी, धृती आणि स्मृती यांचे भ्रंश वेगवेगळे सांगितले आहेत, ते येथे फार उपयोगी पडतात. दुसऱ्याच्या दवाखान्याची गर्दी पाहून ठरविलेले ध्येय मुळातच आपले नसते. तो धीभ्रंश, तेथे ध्येयच बदलावे. कळते पण आवरत नाही, हा धृतिभ्रंश. येथेच पादांश कामाला येतो. परंतु आमच्या पाहण्यात सर्वाधिक आढळतो तो स्मृतिभ्रंश. तिसऱ्या आठवड्यात एखादे लग्नकार्य येते, चार दिवस खंड पडतो आणि आपण काही ठरविले होते, हेच विसरले जाते. त्यावर इच्छाशक्तीची व्याख्याने ऐकण्यापेक्षा टेबलावर उघडी वही ठेवणे बरे.

ग्रंथवाचनाचा हिशेब तर अगदी सोपा आहे. चरकसंहितेचे 120 अध्याय. आठवड्याला एक धरला, तर दोन वर्षे आणि सुमारे चार महिने. हे एकट्याने निभत नाही. विमानस्थानाच्या आठव्या अध्यायातील तद्विद्य संभाषेपैकी संधाय संभाषा, म्हणजे जिंकण्याच्या ईर्ष्येविना समव्यवसायींशी केलेली चर्चा, यासाठी योजावी. गावातील तीन-चार वैद्य आणि एखादा फार्मसीचालक यांनी महिन्यातून एकदा, दवाखाना बंद झाल्यावर, तासभर बसावे. वाचलेल्या चार अध्यायांतील एक विषय घ्यावा आणि प्रत्येकाने आपली नोंदवही सोबत आणावी. जेवणाचा बेत मात्र ठेवू नये. तो ठेवला की तिसऱ्या महिन्यापासून केवळ जेवणच उरते.