जुना तंबोरा पुन्हा बोलतो तेव्हा

जुन्या इलेक्ट्रिक गिटारचे पिकअप बदलून, तिच्यावर नवे रंगकाम करून तिला वाजती करणारे हौशी जगभर आहेत. आपल्याकडे तसेच काम मिरजेत तंबोऱ्यावर होते, आणि ते जास्त नाजूक आहे.

शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातल्या फरीदसाहेबांनी एकोणिसाव्या शतकात मिरजेत तंतुवाद्ये घडवायला सुरुवात केली. तंबोऱ्याचा भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडून. तो तडकला तर चीर सांधतात, सैल खुंट्या नव्याने बसवतात. खरी कसोटी जवारीची, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या घोडीचा माथा जुळवण्याची! वर्षानुवर्षे तारा घासून घोडीवर खाचा पडतात आणि गुंजन हरवते. कारागीर घोडीला कानशीने अगदी हलका उतार देतो, तार छेडून ऐकतो, पुन्हा घासतो. इथे माप कानच घेतो.

नक्षीसाठी पूर्वी हस्तिदंत वापरत, नंतर सेल्युलॉइड आले. जुनी वेलबुट्टी खरवडून नवी चढवणे हा वाद्यावर अन्यायच. मूळ नक्षीचीच डागडुजी व्हावी.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला 2024 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले.

आपल्या यवतमाळच्या कडक उन्हाळ्यात लाकूड आकसते, सांधे उकलतात. पुसद, वणी, दारव्ह्यात कुणाच्या माळ्यावर असा तंबोरा पडून असेल, तर टाकून देण्याआधी तो मिरजेच्या कारागिराला एकदा दाखवा.