कार्ब्युरेटरचे जेट आणि घाटाखालची हवा

शिवजयंतीच्या मोटारसायकल फेरीसाठी उणकल तळ्याच्या कडेला गाड्या जमल्या, तेव्हा त्यांत जुन्या येझदी आणि आरएक्स-१०० बऱ्याच दिसल्या. वडिलांची, काकांची गाडी मुलांनी अडगळीतून काढून चकाचक केलेली. बघून बरे वाटले. पण किक मारल्यावर काही गाड्या फटाके फोडू लागल्या, काही नुसत्या गुरगुरत धूर सोडू लागल्या. "कार्ब्युरेटर ट्यून करून घेतलाय, काका" असे मात्र जो तो सांगत होता. ट्यून म्हणजे नक्की काय केले, हे फारसे कुणाला सांगता आले नाही.

हे लिहिण्याचे खरे कारण घरचेच आहे. माझ्या पुतण्याने जुनी आरएक्स-१०० घेतली. मूळ एअर फिल्टरचा डबा काढून उघडा फिल्टर बसवला, सायलेन्सरमधली आतली नळी काढली आणि मित्रांबरोबर अळणावर, लोंढा, रामनगर करत अनमोड घाटाने गोव्याला निघाला. घाट नीट उतरला. मोले ओलांडल्यावर सपाट रस्ता मिळाला, म्हणून गाडी सोडली आणि दहाएक मिनिटांत इंजिन जाम झाले, मागचे चाक जागच्या जागी अडकले. क्लच हाताशी होता, तो दाबला गेला म्हणून निभावले. पिस्टनवर उभे ओरखडे, सिलिंडर बोअरिंगला. वहिनींना अजूनही "इंजिन गरम झालं होतं" एवढेच माहीत आहे.

असे का झाले, ते कळायला थोडे आत शिरावे लागेल. इंजिन हवा ओढते, तेव्हा कार्ब्युरेटरच्या निमुळत्या गळ्यातून ती वेगाने जाते, तिथला दाब कमी होतो आणि खालच्या वाटीतले पेट्रोल वर खेचले जाते. किती खेचले जावे, हे पितळी जेटच्या भोकावर ठरते. जेट म्हणजे एवढेच, मोजून पाडलेले भोक. शुद्ध पेट्रोलच्या एका भागाला वजनाने सुमारे १४.७ भाग हवा लागते. पेट्रोल त्याहून जास्त गेले तर मिश्रण दाट, कमी गेले तर पातळ. दाट मिश्रणाने प्लग काळा होतो, पेट्रोल जास्त जाते, गाडी जड वाटते, पण इंजिन सहसा मरत नाही. पातळ मिश्रण फसवे असते. गाडी हलकी, चपळ वाटते आणि आत पिस्टन तापत जातो.

१ एप्रिल २०२० पासून बीएस-६ नियम आले आणि बहुतेक नव्या गाड्यांत इंजेक्शन आले. तिथे सेन्सर हवा मोजून पेट्रोल ठरवतो. कार्ब्युरेटरला असे डोके नाही. भोक तेवढेच राहते, हवा मात्र बदलते.

आता पुतण्याचा हिशेब मांडू. आपली हुबळी समुद्रसपाटीपासून साडेसहाशे मीटरच्या आसपास आहे. दर शंभर मीटरला हवा साधारण एक टक्क्याने विरळ होते, म्हणजे इथे ती गोव्यापेक्षा सुमारे सहा टक्के विरळ. मिश्रणावर त्याचा परिणाम निम्मा होतो. इथे बरोबर लावलेली गाडी खाली उतरली की तीनेक टक्के पातळ होते. एवढ्याने काही बिघडत नाही. पण आता बहुतेक पंपांवर वीस टक्के इथेनॉल मिसळलेले पेट्रोल मिळते. इथेनॉलला हवा कमी लागते, एका भागाला नऊच भाग. त्यामुळे या मिश्र पेट्रोलचे योग्य प्रमाण साडेतेराच्या जवळ येते. शुद्ध पेट्रोलसाठी पाडलेले भोक तेवढेच ठेवले, तर गाडी सात-आठ टक्के पातळ चालते. वर उघडा फिल्टर, वर मोकळा सायलेन्सर. चारही गोष्टी एकाच दिशेला ढकलणाऱ्या, आणि जेट मात्र कारखान्यातले.

(सायलेन्सर बदलणे कायद्यातही बसत नाही, आणि शेजाऱ्यांच्या झोपेतही.)

कार्ब्युरेटर एकच असला तरी अॅक्सिलरेटर किती उघडला आहे, त्यावर आतला वेगवेगळा भाग काम करतो. बंद ते पाव उघडेपर्यंत पायलट जेट आणि त्याचा स्क्रू. पाव ते पाऊण सुई. शेवटच्या पाव भागात मेन जेट. गाडी सिग्नलला बंद पडते म्हणून मेन जेट बदलणारे मी पाहिले आहेत. खर्च झाला, रोग तसाच राहिला. मुठीवर आणि शेजारच्या भागावर पांढऱ्या चिकटपट्टीच्या खुणा करा, म्हणजे त्रास नेमका कुठे होतो ते कळेल.

त्याआधी साध्या गोष्टी बघा. फिल्टर स्वच्छ आहे का, प्लग कसा आहे, कार्ब्युरेटर आणि इंजिन यांच्यामधला रबर चिरलेला नाही ना. चिरेतून हवा शिरत असेल, तर कुठलेही जेट लावा, उपयोग नाही. गाडी वर्षभर उभी असेल, तर पायलट जेट हमखास तुंबलेले असते. ते पिनेने किंवा तारेने टोकरू नका, पितळ मऊ असते, भोक मोठे होते. क्लीनर मारून हवेने फुंका. आणि हे काम अंगणात करा. पेट्रोलची वाटी घरात उघडायची आणि देवघरात निरांजन तेवत असायचे, असे नको.

जेट बदलताना मोठ्यापासून सुरुवात करा, म्हणजे मिश्रण दाट बाजूला राहील. मूळ आकड्यापेक्षा दोन पायऱ्या मोठे लावा आणि मग एकेक पायरी खाली या. उलट केले तर चूक कळेपर्यंत पिस्टन गेलेला असतो. मिकुनी आणि केहिन यांचे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत, एकाचा शंभर म्हणजे दुसऱ्याचा शंभर नव्हे. मेन जेट जमल्यावर सुईची खाच, आणि सर्वांत शेवटी पायलटचा स्क्रू. सुईची क्लिप खाली सरकवली की सुई वर येते आणि मिश्रण दाट होते. स्क्रू फिल्टरच्या बाजूला असेल तर तो हवेचा, आत घट्ट केला की दाट. इंजिनच्या बाजूला असेल तर पेट्रोलचा, आत घट्ट केला की पातळ. इथे अनुभवी मेकॅनिकही कधी गोंधळतात. इंजिन गरम झाल्यावर स्क्रू हळूहळू फिरवून जिथे रेस सर्वांत चढते तिथे ठेवा, मग स्लोचा स्क्रू कमी करा.

शंका आली तर चालत्या गाडीचा चोक क्षणभर थोडा ओढून बघा. गाडी सुधारली तर मिश्रण पातळ होते, अडखळली तर दाट. शेवटचा निकाल प्लग देतो. मोकळ्या, सरळ रस्त्यावर पूर्ण अॅक्सिलरेटरने थोडे अंतर जाऊन क्लच दाबायचा, त्याच वेळी इंजिन बंद करायचे आणि प्लग काढून बघायचा. चहाच्या रंगाचा असेल तर ठीक. पांढरा पडला असेल तर जेट मोठे करा. ही चाचणी बायपासवर करू नका, तिथे ट्रक कमी नाहीत.

येझदीवाल्यांसाठी आणखी एक. तिचे ऑइल पेट्रोलमध्येच मिसळलेले असते. लांब घाट अॅक्सिलरेटर बंद करून उतरलात, तर इंजिन जोरात फिरत असते पण ऑइल जवळजवळ जात नाही. मधूनमधून मूठ थोडी उघडा. दोन बोटे क्लचवर असू द्या.

पुतण्याने मूळ फिल्टरचा डबा आणि सायलेन्सर परत बसवला. नव्या पेट्रोलसाठी मेन जेट एक पायरी मोठे लावले. जुने जेट काडेपेटीत घालून, वर आकडा आणि तारीख लिहून टूलबॉक्समध्ये ठेवले आहे. परवा तो पुन्हा मोलेपर्यंत जाऊन आला आणि तिथेच प्लग काढून त्याचा फोटो मला पाठवला. रंग चहाचा होता, जरा दूध जास्त झालेला. अर्धी पायरी अजून वर जावे लागेल असे वाटते.